नाव झाकून

डॉ. हेमांगी चौबळ यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. आपण कुणाचे मिंधे नाही, ही ती गोष्ट. संरक्षण खात्याच्या खरेदी समित्यांवर त्यांनी उभी हयात काढली. या समित्यांवरच्या माणसांच्या घरी दिवाळीत सुकामेव्याचे डबे आपल्या पायांनी चालत येतात; बाईंच्या फाटकातून ते तसेच माघारी जात. सख्ख्या भाच्यासाठी त्यांनी कधी शब्द टाकला नाही, म्हणून बहिणीने त्यांच्याशी अबोला धरला. बाईंना त्याचं दुःख झालं, पण खरं सांगायचं तर थोड्या गुदगुल्याही झाल्या. दुखावलेली बहीण हे प्रामाणिकपणाचं चालतंबोलतं प्रमाणपत्रच होतं.

म्हणूनच निवृत्तीनंतर आठ वर्षांनी पुण्यात, पाषाणच्या त्या काचेच्या इमारतीत जेव्हा ‘उत्तरकाळ’ नावाच्या यंत्राची परीक्षा घ्यायची वेळ आली, तेव्हा परीक्षक म्हणून सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं.

“परीक्षा यंत्राची आहे ना? माझी तर नाही?” खुर्चीत बसता बसता बाईंनी विचारलं.

“तुमची कोण घेणार, मॅडम?” कमांडर रेमंड घोन्साल्विस हसला. तो वसईचा. यंत्र त्याच्या ताब्यात होतं, आणि नव्या गाडीवर असावा तसा त्याचा त्याच्यावर जीव होता.

यंत्र काय करत होतं ते सांगायला हवं. आजवर मोठं कंत्राट देताना समिती दोन गोष्टी बघायची. आधी, मागितलेल्या सगळ्या गुणांत माल उतरतो का. उतरणाऱ्यांमध्ये मग सगळ्यांत स्वस्त कोण. स्वस्तातला निवडला की कुणी बोट दाखवू शकत नाही, चौकशी लागत नाही, निवृत्तिवेतन अडकत नाही. त्या मालामुळे वीस वर्षांनी देश कुणाच्या दारात उभा राहील, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता, आणि रकान्यात न बसणारा प्रश्न विचारणाऱ्याकडे बाकीचे सभासद घड्याळ बघत बघत पाहायचे.

उत्तरकाळ तोच प्रश्न विचारत असे. कंत्राट त्याच्यापुढे ठेवलं की ते त्या कंत्राटाची पुढची वीस-तीस वर्षं हजारो वेळा खेळून बघे. एका खेळात पुरवठादार कंपनी विकली जाते, दुसऱ्यात तिच्या देशातलं सरकार बदलतं, तिसऱ्यात आपली प्रयोगशाळा बंद पडून तिथली माणसं पांगतात. ज्योतिष्यासारखं एकच भविष्य ते सांगत नसे. हजारो वाटांपैकी किती वाटा शेवटी एकाच खड्ड्यात उतरतात, तेवढं दाखवी. पण अशा यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? त्यासाठी त्याला जुनं प्रकरण द्यायचं आणि त्या दिवसाचं कुलूप लावायचं. त्या तारखेपर्यंत जगाला जे ठाऊक होतं तेवढंच त्याला द्यायचं, पुढचं एक अक्षर नाही. मग त्याने वर्तवलेलं आणि प्रत्यक्षात घडलेलं ताडून बघायचं.

पुढच्या महिन्यात किनाऱ्यावरच्या बिनखलाशी गस्ती नौकांचं अवाढव्य कंत्राट निघणार होतं. बाईंनी यंत्राला पास केलं, तर त्याचा सल्ला घेतल्याशिवाय ते देता येणार नव्हतं. नापास केलं, तर यंत्र गुंडाळून जुना मार्ग मोकळा.

“कुठलं प्रकरण घेऊ या?” रेमंडने विचारलं.

“सागरजाल,” बाई म्हणाल्या. “ते माझ्याच अध्यक्षतेखाली झालं. तुमचं यंत्र मला काय शिकवतंय ते बघू. तेव्हा कुणाच्या बापाला कळणार होतं हो, पुढे काय होईल ते!”

सागरजालाची गोष्ट तोवर नौदलात कुजबुजीने बोलली जात होती. हिऱ्यातल्या कार्बनच्या जाळीत एका जागी नायट्रोजनचा अणू बसवला आणि शेजारची जागा रिकामी ठेवली, की ती जोडी चुंबकीय क्षेत्राला कमालीची हळवी होते. तिच्यावर हिरवा प्रकाश टाकला की ती लाल उजेड देते, आणि आसपासचं चुंबकत्व जरा हललं की तो उजेड बदलतो. असे हजारो हिरे समुद्राच्या तळाशी पेरले तर वरून जाणारी पोलादी पाणबुडी लपूच शकत नाही. अडचण एवढीच की तळातले खडक, खारे प्रवाह, मासेमारीचे ट्रॉलर, सूर्यावरची वादळं, सगळ्यांनीच तो उजेड हलतो. या गोंगाटातून पाणबुडी ओळखायला जाळ्याला वर्षानुवर्षं शिकवावं लागतं.

अठरा वर्षांपूर्वी हे कंत्राट एका परदेशी कंपनीला गेलं. जाळं उत्तम चाललं. पण त्याला शिकवण्याचं काम कंपनीच्या मुख्यालयात व्हायचं, आणि आपली पाणबुडी कुठली, परकी कुठली, हे जाळ्याला कळायला हवं म्हणून आपली प्रत्येक नवी पाणबुडी आधी कंपनीला ‘दाखवावी’ लागायची. चालण्यावरून माणूस ओळखावा, तशी प्रत्येक पाणबुडी तिच्या चुंबकत्वावरून ओळखू येते. ती ओळख आपण आपल्या हाताने, पावती घेऊन, देत गेलो. मग कंपनी विकली गेली, आणि ज्यांच्याशी आपलं कधीच पटलं नाही त्यांच्या खिशात जाऊन बसली. आता आपल्या पाणबुड्या बंदरातून निघायच्या तर आधी आपलंच जाळं बंद करावं लागे. आणि जाळं बंद असताना कोण आत येऊन जातं, ते सांगायला कुणीच नसे.

दुपारपर्यंत यंत्राचा खेळ संपला. रेमंडने पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

“बोला की.”

“बहुतेक सगळ्या वाटा इथेच येतात, मॅडम. कंपनी कुणी घ्यायची तेवढं बदलतं. आपण अडकतो ते नक्की.”

“हं. म्हणजे यंत्र हुशार आहे. आम्ही माणसं होतो.”

“यंत्र म्हणतंय, हा धोका त्या दिवशी माहीत होता. एका स्पर्धकाने समितीपुढे तो बोलून दाखवला होता.” रेमंडने घसा साफ केला. “बैठकीचं ध्वनिमुद्रण आहे. ऐकवू?”

बाईंनी मान हलवली. आधी एक तरुण, घाईघाईचा आवाज आला: आमचं जाळं इथंच शिकेल, नाहीतर उद्या आपल्या पाणबुड्या परक्यांना दाखवायला लागतील. आणि मग दुसरा आवाज, थंड, धारदार: “मगदूम, विषयाला धरून बोला. हा मुद्दा मूल्यमापनाच्या कक्षेत येत नाही.”

तो आवाज बाईंचा होता.

अभिनंदन मगदूम त्यांचा विद्यार्थी. जयसिंगपूरचा. त्याची पीएचडी त्यांच्या हाताखाली झाली होती आणि आपल्याला इतका डोकेबाज मुलगा पुन्हा मिळायचा नाही, असं त्या तेव्हा घरी म्हणत असत. त्याने चार मित्रांना घेऊन छोटी प्रयोगशाळा काढली आणि सागरजालाच्या स्पर्धेत उडी घेतली. तांत्रिक गुणांत तो थोडक्यात घसरला आणि त्याच्या दराचा लिफाफा उघडलाच गेला नाही.

“त्याच्या जाळ्याचा पल्ला कमी होता,” बाई म्हणाल्या. “मी गुणांवर निर्णय दिला. नात्यावर नाही.”

रेमंड टेबलावरचा पेन उगाच सरळ करत राहिला.

“काय आहे, रेमंड?”

“यंत्र सभासदांच्या सवयीसुद्धा शिकतं, मॅडम. तुम्ही नोकरीभर किती प्रस्तावांना गुण दिलेत. कशाला किती देता, ते त्याला कळतं. नेहमीच्या वाण्याला आपण काय घेणार ते कळतं ना, तसं.” त्याने पेन सोडला. “मगदूमांचा प्रस्ताव त्याने नाव झाकून तुमच्याकडून तपासून घेतला. म्हणजे, तुमच्या सवयींकडून. पास होतो. अनोळखी माणसाचं नाव घातलं, तरी पास होतो. दर वेळी. फक्त मगदूमांचं, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याचं, नाव ठेवलं की नापास.”

खोलीतला गारवा एकाएकी बोचायला लागला. बाईंना त्या बैठकीच्या आधीचा चहा आठवला. एक सभासद बिस्किट बुडवत म्हणाला होता, ‘मगदूम तुमचा चेला ना? मग काय, ठरलंच म्हणायचं!’ सगळे हसले होते. त्याही हसल्या होत्या. आणि आत गेल्यावर त्यांनी पोराला असं काही धारेवर धरलं की पुन्हा कुणाची तसं बोलायची छाती झाली नाही. बैठकीनंतर त्याच सभासदाने त्यांना नमस्कार करून म्हटलं होतं, ‘मानलं तुम्हाला.’ तो नमस्कार त्यांनी अठरा वर्षं जपून ठेवला होता.

रेमंड मनाने भला होता. “मॅडम, आपण दुसरं प्रकरण घेऊ. तोफांचं आहे, हेलिकॉप्टरचं आहे. यंत्राची परीक्षा कशानेही होईल. हे कुणी बघितलेलं नाही.”

“परवा सांगते,” बाई म्हणाल्या. नको म्हणायला हवं होतं, हे जिना उतरतानाच त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी केली आणि जयसिंगपूर गाठलं. वाटेत त्या मनाला सांगत होत्या की आपण जुन्या विद्यार्थ्याला भेटायला जातोय. पण कराड मागे पडेपर्यंत ते सोंग गळून पडलं. त्या जात होत्या त्या अभिनंदनच्या तोंडून वदवून घ्यायला, की त्याचा प्रस्ताव खरोखरच कच्चा होता. तो स्वतःच तसं म्हणाला, तर यंत्र चुकलं. यंत्र चुकलं, तर हेमांगी चौबळ यांचं चुकलेलं नव्हतं. एकदा तेवढं सिद्ध झालं की यंत्राचं आणि गस्ती नौकांचं काय व्हायचं ते होवो, इथवर त्यांची मजल गेली होती.

औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना होता, बऱ्यापैकी मोठा. साखर कारखान्यांच्या पट्ट्यावरून जाणाऱ्या उसात लोखंड राहिलं तर रस काढणाऱ्या चरकाचे दात मोडतात. ते लोखंड हुडकून पट्टा थांबवणारी यंत्रं अभिनंदन बनवत असे. पाणबुड्या शोधायला निघालेला माणूस उसाच्या मोळीतले कोयते शोधत होता, आणि त्यात सुखी दिसत होता. केस पांढरे झाले होते. बाईंना पाहताच त्याने हात पुसले आणि वाकून पाया पडला.

“मॅडम! कळवायचं की ओ आधी! स्टेशनवर नसतो का आलो घ्यायला?”

“गाडीने आले. राहू दे.”

“ह्या माझ्या मॅडम बरं का,” त्याने कामगारांना ओरडून सांगितलं. “मी सांगतो ना नेहमी? त्याच ह्या!”

तो नेहमी काय सांगतो, ते विचारायचं धैर्य बाईंना झालं नाही. ऑफिसात चहा आला, बशीभर भडंग आलं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, “अभिनंदन, सागरजालातला तुझा प्रस्ताव. आता मागे वळून बघताना तुला काय वाटतं? त्यात काही कमी होतं का?”

“होतंच की,” तो ताबडतोब म्हणाला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. तो किती सहज पडला, याची लाज त्यांना नंतर जन्मभर पुरणार होती.

“काय कमी होतं?”

“ते आता मी काय सांगू, मॅडम? तुम्ही नापास केला म्हणजे होतंच काहीतरी.” तो मोकळेपणाने हसला. “पोरं म्हणाली तेव्हा, अपील करू, कोर्टात जाऊ. मी म्हटलं, अरे, दुसऱ्या कुणी पाडलं असतं तर भांडलो असतो. मॅडम आपल्या बाजूच्या. त्यांनाच जर उणं वाटलं, तर उणं आहे. विषय संपला.”

“तू परत तपासून बघितलंस?”

“कशाला? सगळं सामान एका कॉलेजला देऊन टाकलं. बरं झालं, मॅडम, तुम्ही वेळेत सांगितलंत. नाहीतर बसलो असतो आयुष्यभर त्या हिऱ्यांच्या नादी लागून. तुम्हाला कुठं दाखवायला पायजे का हे? मी लिहून देतो, सही करतो.”

हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. बाईंनी भडंगाच्या बशीकडे पाहिलं. ती बाजूला सारली.

“मुलगी काय करते तुझी?” विषय बदलायचा म्हणून त्यांनी विचारलं.

“त्रिशला? सांगलीत सीएकडं असते, शिकाऊ. तिला खरं फिजिक्सला जायचं होतं, बघा. मार्कंपण होते. मीच म्हटलं, बाळ, तुझ्या बापाला पण असंच वाटत होतं. चांगल्या चांगल्यांनी तपासून सांगितलंय, आपल्या घरात ते डोकं नाही. रडली दोन दिवस. ऐकली मग.”

तो हे कौतुकाने सांगत होता. लेक शहाणी निघाली, एवढंच त्याला म्हणायचं होतं. बाईंना मात्र वाटलं, ही खुर्ची, ही फरशी आत्ता दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. देशाच्या पाणबुड्यांची ओळख परक्यांच्या हाती गेल्याचं ऐकून त्यांनी हळहळ व्यक्त केली होती. ती सभेत करावी तशी हळहळ होती. इथे एका माणसाने त्यांचा खोटा निकाल प्रसादासारखा घरी नेला होता आणि पोरीलाही वाटला होता.

“अभिनंदन,” त्या म्हणाल्या, “तुझ्या प्रस्तावात काही कमी नव्हतं.”

तो हसतच राहिला. त्याला वाटलं, मॅडम मोठेपणाने बोलताहेत.

“पल्ला थोडा कमी होता, तो दोन वर्षांत वाढला असता. तू पास होत होतास. मी तुला पाडलं. तू माझा होतास म्हणून. लोक म्हणाले असते, बाईने चेल्याला दिलं. ते मला ऐकायचं नव्हतं. अनोळखी असतास तर तुला गुण मिळाले असते.”

बाहेर यंत्रांच्या चाचणीचा पट्टा खडखडत होता. अभिनंदनने उठून दार उघडलं आणि पट्टा बंद करायला सांगितलं. परत येऊन तो बसला नाही.

“जाळं चाललं असतं?” त्याने विचारलं.

“चाललं असतं. उशिरा चाललं असतं, पण आपलं असतं.”

“मी परत मोजूनसुद्धा बघितलं नाही,” तो म्हणाला. हे तो त्यांना सांगत नव्हता.

बाईंनी त्याच्यासमोरच रेमंडला फोन लावला. प्रकरण बदलू नका, त्या म्हणाल्या, सागरजालच ठेवा. ध्वनिमुद्रणही जोडा. तुमचं यंत्र पास आहे. आणि अहवालात ‘समितीचे एक सदस्य’ असं काही मोघम लिहू नका, माझं नाव लिहा. पलीकडे रेमंड काही तरी समजावत होता; त्यांनी फोन ठेवला. मनात आलं, आता तरी अभिनंदन आपल्याकडे जरा बऱ्या नजरेने बघेल. आणि तसं मनात आलं म्हणून त्या पुन्हा ओशाळल्या. अजूनही त्यांना ‘मानलं तुम्हाला’च ऐकायचं होतं.

अभिनंदन बघत नव्हता. तो स्वतःच्या फोनवर नंबर लावत होता.

“त्रिशला, कामात आहेस? जरा बाहेर ये. मॅडम आल्यात पुण्याच्या. त्याच, हां. तुझ्याशी बोलायचंय त्यांना.” त्याने फोन पुढे केला. “मला सांगितलं ते हिला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाप आता सारवासारव करतोय.”

बाईंनी फोन कानाला लावला. मग त्यांनी सरळ सांगितलं. मी हेमांगी चौबळ. तुझ्या वडिलांचं काम चांगलं होतं. मी ते मुद्दाम पाडलं, माझं नाव चांगलं राहावं म्हणून. त्यावरून तुझ्या घरात डोकं नाही असं जे ठरलं, ते खोटं आहे.

पलीकडे रस्त्यावरचा आवाज येत होता. 

“हे आता का सांगताय?” तिने शेवटी विचारलं. आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

बाईंच्या जिभेवर चांगली चांगली उत्तरं आली. सत्य कधी ना कधी सांगावंच लागतं. देशाचं भलं. मनाची टोचणी. एकही खरं नव्हतं. अठरा वर्षांत मनाला एकदाही काही टोचलं नव्हतं. उलट अभिमानच होता.

“यंत्राने पकडलं म्हणून,” त्या म्हणाल्या. “नाहीतर सांगितलं नसतं.”

“बाबांना द्या फोन.”

त्यांनी तो दिला. अभिनंदनने पाठ फिरवली आणि लेकीशी हळू आवाजात बोलत तो बंद पट्ट्याच्या कडेने दूर चालत गेला. कामगार वाटेतून बाजूला झाले. ऑफिसच्या दारात उभं राहून बाई वाट बघत होत्या, पण त्याने वळून पाहिलं नाही, आणि पाहावं असं म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे त्यांना ठाऊक होतं.